पर्वतातील न्यायालय

न्यायालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर माणसांनी गजबजलेले आवार उभे राहते. काळ्या कोटातील वकील, कागदपत्रांचे गठ्ठे आणि तारखेची वाट पाहत ताटकळलेले पक्षकार तेथे दिसतात. परंतु जेथे माणसेच मोजकी आहेत, तेथे न्यायालय कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील हिन्सडेल काउंटीत मिळते.

काउंटी हा आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग होय. उंच पर्वतराजीत वसलेल्या या काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे २,९०० चौरस किलोमीटर आहे. पण २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या अवघी ७८८ होती. म्हणजे दर माणसामागे साडेतीन चौरस किलोमीटरहून अधिक भूमी! बहुतेक जमीन सार्वजनिक मालकीची असून ती वनांनी व शिखरांनी व्यापली आहे. लेक सिटी हे तेथील मुख्य ठिकाण समुद्रसपाटीपासून २,६०० मीटरहून अधिक उंचीवर आहे.

सोन्याचांदीच्या शोधात लोक या दऱ्यांत आले आणि १८७४ मध्ये काउंटी स्थापन झाली. १८७७ मध्ये लेक सिटी येथे न्यायालयाची लाकडी, दुमजली इमारत उभी राहिली. त्याच वर्षी स्त्रियांच्या मताधिकाराचा पुरस्कार करण्यासाठी सुझन बी. अँथनी येथे आल्या. त्यांना ऐकण्यासाठी इतके लोक जमले, की सभा इमारतीबाहेर घ्यावी लागली. त्या वर्षीच्या मतदानात स्त्रियांची मागणी फेटाळली गेली. मात्र १८९३ मध्ये कोलोरॅडोतील पुरुष मतदारांनीच ती मान्य केली.

या न्यायालयातील सर्वांत गाजलेला खटला १८८३ चा. आल्फर्ड पॅकर हा पाच सोबत्यांसह १८७४ च्या हिवाळ्यात या पर्वतांत शिरला होता. परतला तो एकटाच. मृत सोबत्यांचे मांस खाऊन आपण जगलो, अशी कबुली त्याने दिली होती. खुनाच्या आरोपावरून त्याला फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. परंतु १८८५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला. गुन्हा घडल्यानंतर खुनाविषयीचा कायदा बदलला होता आणि जुन्या गुन्ह्यांसाठी त्यात तरतूद ठेवलेली नव्हती, हे त्याचे कारण. १८८६ मध्ये दुसऱ्या ठिकाणी पुन्हा खटला चालला. त्यात सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला चाळीस वर्षांचा कारावास ठोठावण्यात आला.

ज्याच्याविषयी कोणालाही सहानुभूती वाटू नये, अशा आरोपीलाही कायद्याचे संरक्षण मिळाले. शिक्षा टळली नाही. पण ती कायद्याच्या चौकटीतच झाली.

पुढे खाणींचा बहर ओसरला, माणसे निघून गेली. लाकडी इमारत मात्र टिकून राहिली आणि आजही ती न्यायदानासाठी वापरली जाते. वस्ती विरळ झाली म्हणून माणसांचे तंटे, त्यांचे हक्क आणि दाद मागण्याची त्यांची गरज संपत नाही. म्हणूनच सातआठशे माणसांच्या वस्तीलाही न्यायालय लागते.