ताडोबाचा शॅडो मॅन

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासच्या नावाखाली ज्यांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळला, त्यांना चौथ्या लेव्हलचा आरसा विसरता येणार नाही. पुढे जायचं तर धावत येऊन त्या आरशात उडी मारायची. हीरो इकडून बाहेर पडतो आणि तिकडून त्याचाच सावळा जुळा भाऊ पळून जातो. हा शॅडो मॅन पुढच्या लेव्हलला तुमचं औषध पिऊन टाकतो, त्याच्या पुढच्या लेव्हलला दरवाजा बंद करून तुम्हाला खाली पाडतो. बाराव्या लेव्हलला तलवारी भिडतात तेव्हा कळतं, की त्याला मारलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतोय. तोड एकच. तलवार म्यानात घालायची आणि त्याच्या अंगावर सरळ चालत जायचं. दोघे एक होतात, खेळ पुढे सरकतो.

एवढं खोल तत्त्वज्ञान कुठून आलं? जागेच्या टंचाईतून! १९८९ साली ॲपल टू या संगणकासाठी हा गेम करताना जॉर्डन मेकनरकडे नवा शत्रू चितारायला मेमरीच उरली नव्हती. पांढऱ्या कपड्यातल्या हीरोच्या हालचालींनीच ती खाऊन टाकली होती. (त्या हालचाली त्याच्या धाकट्या भावाच्या. त्याला पळायला, उड्या मारायला लावून मेकनरने व्हिडिओ काढला आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं.) मग त्याने हीरोचंच चित्र एका बिटने सरकवून त्याच चित्रावर टाकलं. जुळलेला भाग पुसला गेला, कडा तेवढ्या चमकत राहिल्या. खलनायक तयार, खर्च शून्य.

जपानी लोकांनी हे दोन वर्षं आधीच केलं होतं. ‘झेल्डा’ या गेमच्या १९८७ च्या दुसऱ्या भागात शेवटचा शत्रू म्हणजे नायक लिंकची स्वतःची काळी सावली. भल्याभल्यांना घाम फोडणाऱ्या या सावलीला हरवायची युक्ती मात्र अगदीच फुसकी आहे. डाव्या कोपऱ्यात उकिडवं बसायचं आणि तलवार खुपसत राहायची.

आता चंद्रपूर. तोच हीरो, तेच शरीर, रंग काळा, जास्तीचा खर्च शून्य, हा खेळ ताडोबाच्या जंगलातही चालतो. २०१८ मध्ये इथे काळा बिबट्या पर्यटकांच्या कॅमेऱ्यात आला आणि ‘ब्लॅक पँथर’ म्हणून फोटो सगळीकडे फिरले. ब्लॅक पँथर नावाचा वेगळा प्राणी नसतो. तो आपला नेहमीचाच बिबट्या. एका जनुकात बिघाड होतो, पिवळा रंग बनवण्याचा निरोप पोचत नाही आणि सगळी कातडी काळ्या रंगाने भरून निघते. ठिपके जात नाहीत. काळ्यावर काळे असल्यामुळे ते दिसत नाहीत, एवढंच. तिरपं ऊन पडलं की पाठीवर उमटतात.

किपलिंगला हे ठाऊक होतं. १८९४ च्या ‘जंगल बुक’मधल्या बगीराची ओळख करून देतानाच त्याने विशिष्ट उजेडात दिसणाऱ्या ठिपक्यांचा उल्लेख केलाय. बगीरा तसा आपला शेजारीच, नागपूर ओलांडून वर गेलं की त्याच्या कथेतली सिवनी. कथेत मात्र त्याचा जन्म जंगलातला नाही. तो उदयपूरच्या राजवाड्यातल्या पिंजऱ्यात जन्मला आणि हनुवटीखाली गळपट्ट्याचा वण लपवून फिरतो. भूतकाळ लपवणारा हीरो हवा असेल तर हा घ्या!

काळेपण बिबट्यात सुप्त असतं, ही यातली खरी गंमत. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही जनुक तसलेच आले तरच पिल्लू काळं. एकच आला तर पिल्लू चारचौघांसारखं ठिपक्यांचं, पण काळोख पोटात घेऊन फिरणारं. म्हणून दोन ठिपकेवाल्या आईबापांना काळं पिल्लू होऊ शकतं आणि एकाच वेतात दोन्ही रंग निघू शकतात. दोन काळ्यांना मात्र ठिपकेवालं पिल्लू होत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या जॅग्वारचं नेमकं उलट. तिथे काळा रंग दादागिरी करतो, एक जनुक पुरतो. ताडोबाच्या मोहर्ली गेटवरून आत गेलेल्या जिप्सीतून जो साधा बिबट दिसतो, त्याच्या आत दुसरा दडलाय का, हे गाईड सांगू शकत नाही, मोठ्या लेन्सवालाही सांगू शकत नाही. त्यासाठी डीएनएच तपासावा लागतो.

मग ताडोबात काळे इतके कमी का? हे जंगल सागाचं, बांबूचं, कोरडं. मे महिन्यात पानगळीने उघडंबोडकं. काळा कोट खपतो तो दाट, ओल्या, अंधाऱ्या रानात. सह्याद्रीच्या ओल्या पट्ट्यात, कर्नाटकातल्या काबिनीत तो जास्त दिसतो. मलेशियाच्या द्वीपकल्पात तर जवळजवळ सगळेच बिबटे काळे. तिथल्या संशोधकांची पंचाईत झाली. बिबट्या मोजतात ठिपक्यांवरून, आणि इथे ठिपकेच गायब. त्यांनी कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या डोळ्यावर पट्टी बांधली. कॅमेऱ्याला वाटलं कायमची रात्र आहे, तो भरदिवसाही इन्फ्रारेड फ्लॅश मारू लागला आणि त्या फ्लॅशमध्ये ठिपके लख्ख दिसले. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. अशी फसवणूक माफ!

ताडोबातल्या वाघांनाही दोन बाजू असतात, आणि हे अक्षरशः खरं आहे. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजवीकडच्या पट्ट्यांशी जुळत नाहीत. एकाच बाजूने फोटो काढत गेलात तर एका वाघाचे दोन वाघ व्हायचे. म्हणून गणनेत कॅमेरे जोडीने, समोरासमोर बांधतात.

शिवाय प्रत्येकाला दोन नावं. सरकारी दप्तरात टी आणि आकडा, जिप्सीत पडद्यावरचं नाव. पांढरपौनी परिसराची लाडकी वाघीण माया कागदावर टी-१२ होती. नरांची नावं ऐकली तर वाटेल खलनायकांची भरती चाललीय. एक गब्बर, दुसरा मटकासूर. चेहऱ्यावरच्या जखमांमुळे ‘स्कारफेस’ म्हणवला गेलेला म्हातारा वाघडोह २०२२ च्या मेमध्ये गेला, तेव्हा हळहळ मात्र एखादा हीरो गेल्यासारखी झाली. आपल्याला हीरो आवडतात ते थोडे गब्बर असले तरच, असं माझं मत.

काळा वाघ? तो ओडिशात, सिमिलिपालला. तोही पुरता काळा नसतो. त्याचे पट्टे इतके रुंदावतात की एकमेकांत मिसळतात. कारण वेगळाच जनुक, तो २०२१ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवून दिलं.

सरकारी अंदाजानुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात १,९८५ बिबटे होते, मध्य प्रदेशाच्या खालोखाल. चंद्रपूरकरांना बिबट्या बघायला जंगलाच्या कोअरमध्ये जायची गरज नसते. औष्णिक वीज केंद्राच्या झुडपांत, दुर्गापूरच्या कोळसा खाणींच्या कडेने बिबट वावरतो, आणि तिथे माणसं दगावलीही आहेत. काळ्या रंगाचं कौतुक पर्यटकांना. दुर्गापुरात संध्याकाळी पोरं घरात घेतली जातात ती ठिपकेवाल्याच्याच धास्तीने.

एक शेवटची चुटपुटती माहिती. साध्या बिबट्याच्या कानामागे पांढरा ठिपका असतो, शेपटीच्या टोकाशी खालून पांढरं असतं. आईच्या मागून चालणाऱ्या पिल्लांना अंधारात त्याचा उपयोग होत असावा. काळ्याकडे यातलं काहीच नाही. तेव्हा काळ्या आईची पिल्लं तिच्या मागे कशी राहतात, असा प्रश्न अभ्यासकांना पडलाय.

आणि हो, शोधायला निघालात तर मंगळवार टाळा. त्या दिवशी ताडोबाचं गेट बंद. उन्हाळ्यात पाणवठ्यावर तळ ठोका, चितळाचा धोक्याचा कॉल झाला की गाडी थांबवा, आणि काळा दिसलाच तर आधी फोटो काढा. नुसतं सांगितलंत तर रिसॉर्टवर कुणी विश्वास ठेवत नाही.