डाव ठाऊक असतो, तरीही पाठ लागते!

जेऊर (जि. सोलापूर) : करमाळा तालुक्यातील जेऊर पुणे-सोलापूर लोहमार्गावरील स्थानक म्हणून प्रवाशांना परिचित आहे आणि दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचे गाव म्हणून चित्रपटरसिकांना. मंजुळे यांनी २०२३ मध्ये ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव यांच्या जीवनावरील चित्रपटाची घोषणा केली. त्या निमित्ताने कुस्तीतील एक जुने कोडे नव्याने समजून घेण्याजोगे आहे. मल्लाचा हुकमी डाव सर्वांना ठाऊक असतो, तरीही समोरचा मल्ल त्यात सापडतो तो कसा?

कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा 'ढाक' डावासाठी प्रसिद्ध होते. प्रतिस्पर्ध्याची मान काखेत आवळायची, आपली कंबर त्याच्या पुढ्यात घालायची आणि त्याला अंगावरून जमिनीवर आणायचे, असे या डावाचे ढोबळ स्वरूप. हा काही गुप्त डाव नव्हे. तालमीत जाणारा प्रत्येक पोरगा तो शिकतो आणि त्याची तोडही शिकतो. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवून खाशाबा स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते ठरले, ते अशाच परिचित डावांच्या बळावर.

'काय' नव्हे, 'केव्हा'

या कोड्याचे पहिले उत्तर वेळेत दडले आहे. डोळ्यांना दिसलेल्या हालचालीला हातापायांनी प्रतिसाद देण्यास माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. समोर एकच शक्यता असेल तेव्हाचा हा हिशेब आहे. शक्यता वाढल्या की हा वेळही वाढतो, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी योगायोगाने १९५२ मध्येच प्रयोगांनी दाखवून दिले. म्हणजे डाव कोणता, हे ठाऊक असणे पुरेसे नाही. तो नेमका कोणत्या क्षणी पडणार, हे कळावे लागते आणि तो क्षण डाव मारणाऱ्याच्याच हाती असतो. पाहून मग अडवू म्हणणाऱ्याला उशीर होतो. आधीच अंदाज बांधून हालचाल करणारा हुलकावणीला फसतो.

एका पकडीतून दोन वाटा

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. हुकमी डाव कधी एकटा येत नाही. खडाखडीत मानेवर हात पडला की ढाक येणार, हे ओळखून मल्ल मान मागे खेचतो आणि ताठ होतो. मग त्याचे पाय उघडे पडतात आणि पट काढण्याची संधी मिळते. पाय राखण्यासाठी तो वाकला, तर मान आपसूक पुढे येते आणि ढाक सोपा होतो. एका पायावर भार देऊन उभा राहिला, तर टांग लागते. बचाव करणाऱ्याला एक दार बंद करताना दुसरे उघडावेच लागते. ढाकाच्या धास्तीनेच अनेकदा पट यशस्वी होतो.

तिसरी बाब तोलाची. एका दिशेने निघालेले वजन क्षणात मागे फिरवता येत नाही. त्यामुळे कसलेला मल्ल आधी ढकलतो. समोरच्याने प्रतिकारासाठी जोर लावला की तोच जोर त्याच्याविरुद्ध वापरतो. डाव ओळखूनही शरीर ऐकत नाही, ते यामुळे.

याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच आहे. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख हे जिल्ह्याचेच दोन मल्ल समोरासमोर आले. 'बाहेरील टांग' या सर्वपरिचित डावावर महेंद्रला चार गुण मिळाले आणि ती लढत त्याने जिंकली. त्या गुणांवरून पुढे बरीच चर्चा रंगली. मात्र राज्यातील अव्वल मल्लांच्या लढतीचा निकाल ज्या डावाने फिरवला, तो तालमीतील पहिल्या धड्यांपैकी एक होता, हे विसरता येत नाही.

बास्केटबॉलमधील 'स्काय हुक'

मातीतला हा नियम लाकडी मैदानावरही लागू पडतो. अमेरिकेचे बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार १९६९ ते १९८९ अशी वीस वर्षे 'स्काय हुक' हाच फटका मारत राहिले. प्रतिस्पर्ध्याकडे खांदा करायचा, चेंडू दूरच्या हातात उंच न्यायचा आणि डोक्यावरून कमान काढत बास्केटमध्ये सोडायचा. चेंडू आणि बचावपटू यांच्यामध्ये करीम यांचे स्वतःचे शरीर असे, शिवाय त्यांची उंची सात फुटांहून अधिक. फटका येणार हे सर्वांना माहीत असूनही तो अडवणे क्वचितच कुणाला जमले. त्यांचा ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडण्यास फेब्रुवारी २०२३ उजाडावा लागला.

सरावाचे गणित

या साऱ्याच्या मुळाशी सराव आहे. मल्ल आपला एक डाव हजारो वेळा घोटतो. वेगवेगळ्या वजनाच्या, उंचीच्या आणि डाव्या-उजव्या पवित्र्याच्या जोडीदारांवर तो अजमावतो. समोरच्याला मात्र त्याच डावाची तोड मोजक्याच वेळा वापरावी लागलेली असते.

अर्थात हुकमी डाव म्हणजे अमोघ अस्त्र नव्हे. हेलसिंकीत खाशाबांना जपानचे शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचे रशीद मामेदबेकोव्ह यांच्याकडून हार पत्करावी लागली. प्रतिस्पर्धी तोडीस तोड असला किंवा मल्ल दमलेला असला, तर घोटलेला डावही फसतो. जोडीला दुसरी वाट नसेल, तर तो लवकरच निष्प्रभ होतो.

आज प्रत्येक लढत मोबाइलवर उपलब्ध असते. आपला डाव उघडा पडेल, या धास्तीने तरुण मल्लांना वीस डाव अर्धेमुर्धे शिकण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. जत्रेच्या फडात शेकड्यांच्या इनामापासून सुरुवात करणाऱ्या ग्रामीण मुलांसाठी हा निर्णय मोलाचा असतो, कारण मेहनतीची वर्षे मोजकीच हाती असतात. खाशाबांचा ढाक पाहता ती वर्षे एकच डाव आणि त्याला जोडून येणाऱ्या दोन वाटा घोटण्यात घालवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. चित्रफितीत प्रतिस्पर्ध्याला डाव दिसेल. तो कोणत्या क्षणी पडणार, हे मात्र त्याला आखाड्यात उतरल्यावरच कळेल.