नेत्याची जीभ घसरली, आता निवेदन कोण लिहिणार?

फुलंब्री विधानसभा मतदारसंघ जालना लोकसभेत मोडतो, त्यामुळे मे २०१७ मधला प्रकार इथल्या शेतकऱ्याला नव्याने सांगावा लागत नाही. त्या हंगामात तूर उदंड पिकली. खरेदी केंद्रांवर बारदाना नव्हता आणि मालाच्या गाड्या रांगेत अडकल्या होत्या. अशा वेळी तेव्हाचे खासदार आणि भाजपचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे जालन्यात कार्यकर्त्यांसमोर बोलताना, एवढी तूर घेऊनही 'रडतात साले' असं बोलून गेले. क्लिप राज्यभर फिरली.

खुलासा अंगाशी येतो तो असा

दानवे यांचं म्हणणं होतं, आपण कार्यकर्त्याशी बोलत होतो, शेतकऱ्यांना उद्देशून नव्हे. सोबत दिलगिरीही होती. खुलासा खरा धरला, तरी केंद्रावर ताटकळलेल्या माणसाने त्यातून काय घ्यायचं? आपल्या माघारी आपल्याविषयी असंच बोललं जातं, एवढंच ना!

जुलै २०२५ मध्ये तर खुलाशानेच घात केला. कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याचा व्हिडिओ आला. आपण मध्येच आलेली जाहिरात बंद करत होतो, असं ते म्हणाले. मग बाजू मांडायला त्यांनी पत्रकार परिषद घेतली. तिथे एक रुपयाच्या पीक विम्यावरून भिकाऱ्याचा दाखला देणारं त्यांचं जुनं वक्तव्य निघालं. ते सावरताना, रुपया घेणारं सरकारच भिकारी, असं तेच म्हणाले. रमी राहिली बाजूला आणि दुसऱ्या दिवसाच्या बातमीची सोय मंत्र्यांनी स्वतःच केली. महिना सरता सरता कृषी खातं गेलं, क्रीडा खातं आलं.

पहिल्या चार ओळी

तालुक्याचा बातमीदार फोन करतो तेव्हा स्वीय सहायकाची पहिली धडपड असते ती 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणण्याची. वेळ जरूर मागावी, पण किती वाजता उत्तर देणार ते सांगून. तोवर अर्धवट नव्हे, पूर्ण क्लिप स्वतः ऐकावी. निवेदनात साहेब काय बोलले, ते कोणाला लागलं, ते चूक होतं आणि आता काय करणार, एवढंच यावं. 'विरोधकांनी विपर्यास केला' हे वाक्य क्लिप खरंच कापलेली असेल तरच लिहावं, आणि तेही मूळ चित्रफीत सोबत देऊन. 'कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर' यातला 'तर' खोडून टाकावा.

माफी दिसावी लागते

एप्रिल २०१३ मध्ये ऐन दुष्काळात तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूर तालुक्यातल्या सभेत धरणाच्या पाण्यावरून जे बोलले, ते इथे पुन्हा लिहायची गरज नाही. मुंबईत आझाद मैदानावर पाण्यासाठी उपोषणाला बसलेल्या शेतकऱ्याची ती टिंगल होती. पवारांनी जाहीर माफी मागितली, पुढे कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ एक दिवस आत्मक्लेश केला. विरोधकांनी त्याला नाटक म्हटलं. माझ्या मते त्यात एक उणीव होतीच: समाधी कराडला, तहानलेली गावं भलतीकडे. तरी त्यांनी शब्दांचा बचाव केला नाही, हे मानावं लागेल.

आपल्याच लोकांना आवरा

नेता माफी मागतो आणि त्याच रात्री गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कार्यकर्ते 'साहेब बोलले ते बरोबरच' म्हणून भांडत बसतात. मग माफीवर कोण विश्वास ठेवणार? प्रवक्ता एकच ठेवावा, बाकीच्यांना गप्प राहायला सांगावं. ज्याचा अपमान झाला त्याला आधी फोन करावा, कॅमेरा न लावता.

खुर्ची सोडायची वेळ

काही वेळा कुठलंच निवेदन पुरत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी, मोठ्या शहरांत असे छोटे प्रकार होतात, अशा अर्थाचं विधान केलं आणि काही दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. २००९ च्या निवडणुकीनंतर तेच पाटील पुन्हा गृहमंत्री झाले.