रोबोटला चालायला कोण शिकवतं? इस्तंबूलचा फुटबॉल, पवईचे प्राध्यापक आणि आपला कॅरम

मोबाइलवर गेम खेळत बसणाऱ्या पोराला आपल्या घरात बोलणी खावी लागतात, आणि बहुतेक वेळा ती बरोबरच असतात. पण कम्प्युटरला खेळ शिकवणं हे मात्र गंभीर संशोधन आहे. आपल्याच राज्यात, पवईच्या आयआयटी मुंबईत, डॉ. शिवराम कल्याणकृष्णन हे प्राध्यापक या विषयात काम करतात. त्यांचं काम समजायला कम्प्युटरची डिग्री लागत नाही.

सुरुवात इस्तंबूलपासून करू. २०११ साली तिथे रोबोकप ही रोबोटांच्या फुटबॉलची जागतिक स्पर्धा भरली. १९९७ पासून ही स्पर्धा होते. २०५० पर्यंत माणसांच्या विश्वविजेत्या संघाला हरवेल असा रोबोटांचा संघ तयार करायचा, असं तिचं ध्येय आहे. हो, ऐकायला शेखचिल्लीचा बेतच वाटतो. स्पर्धेच्या एका गटात रोबोट कम्प्युटरच्या आतच खेळतात. त्यांना हात, पाय, वजन, सगळं असतं, धक्का लागला की पडतातही, पण ते पडद्यावरच. सामना सुरू झाला की माणसाने काही सांगायचं नाही, प्रत्येक खेळाडूने स्वतः ठरवायचं. या गटात अमेरिकेतल्या ऑस्टिन इथल्या टेक्सास विद्यापीठाचा संघ जिंकला. सामने २४, जिंकले २४. गोल केले १३६ आणि खाल्ले शून्य! प्राध्यापक पीटर स्टोन यांच्या या संघात कल्याणकृष्णनही होते. तेव्हा ते तिथे पीएच.डी. करत होते.

हे जमलं कसं? या रोबोटला २२ सांधे असतात. पाऊल किती लांब टाकायचं, पाय किती उचलायचा, अंग किती पुढे झुकवायचं, असे कितीतरी आकडे एकाच वेळी जुळून आले तर तो चालतो, नाहीतर तोंडावर आपटतो. हे आकडे बसल्या बसल्या हिशेब करून काढणं फार अवघड.

मग त्यांनी शेतकऱ्याची रीत वापरली. आपल्याकडे जुनी माणसं ज्वारीची भरलेली कणसं बियाण्यासाठी बाजूला काढून ठेवायची. पुढच्या वर्षी त्याच बियाण्याचं पीक, त्यातून पुन्हा निवड. इथेही तसंच. आकड्यांचे १५० वेगवेगळे संच घेतले आणि प्रत्येक संचाने रोबोटला चालवून पाहिलं. जे बरे चालले त्यांच्या आसपासचे नवे १५० संच पुढच्या पिढीत आले. अशा शेकडो पिढ्या, विद्यापीठाच्या पुष्कळ कम्प्युटरांवर एकदम. याला उत्क्रांतीवर आधारलेलं संगणन म्हणतात. त्यांनी वापरलेल्या पद्धतीचं नाव सीएमए-ईएस. निकोलाउस हान्सन आणि आंद्रेयास ओस्टरमायर यांनी ती मांडली. तिची खुबी अशी की कोणते आकडे जोडीने बदलतात तेही ती हेरते. पाऊल लांब केलं की झुकावंही जास्त लागतं, हे तिला कोणी सांगत नाही. चांगल्या नमुन्यांत ते दोन आकडे बरोबरच वाढलेले दिसतात, म्हणून पुढची पिढी ती त्या दिशेने जास्त पसरवते.

आता खरी मेख. "बरा चालला" हे ठरवायचं कोणी? ते माणसानेच. फक्त सरळ रेषेत वेगाने चालण्याला मार्क दिले तर रोबोट सरळ धावायला पटाईत होतो, पण सामन्यात वळायची, थांबायची वेळ आली की कोसळतो. कारण परीक्षाच चुकीची होती. म्हणून संघाने अडथळ्यांची परीक्षा बनवली: इकडे जा, वळ, थांब, मागे ये, आणि पडलास तर मार्क कापले. एक हुन्नर शिकवताना तो बाकीच्या हुन्नरांशी जुळतो का, हे पाहणं या संशोधनाचा मोठा भाग होता. त्याच वर्षी त्यांनी त्यावर शोधनिबंधही लिहिला. मी शिक्षक आहे, म्हणून ही गोष्ट मला जरा जास्तच लागते. आपण मुलांच्या पाठांतराला मार्क देतो आणि मग मुलं पाठांतरच करतात म्हणून तक्रार करतो.

कल्याणकृष्णन यांच्या पीएच.डी.चा प्रश्न याच्या जवळचाच आहे. मशीनला शिकवायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत प्रत्येक पावलावर हिशेब होतो, रोज वही तपासल्यासारखा. दुसरीत पूर्ण खेळ होऊ द्यायचा आणि शेवटी नतीजा पाहायचा, वार्षिक निकालासारखा. उत्क्रांतीची पद्धत ही दुसरी. यातली चांगली कोणती? त्यांनी कितीतरी कृत्रिम प्रश्न तयार करून दोन्ही तपासल्या आणि उत्तर निघालं की प्रश्नावर अवलंबून आहे. शिकणाऱ्याला परिस्थिती नीट, पूर्ण दिसत असेल तर रोजची वही फायद्याची. अर्धवट, धूसर दिसत असेल तर शेवटचा निकाल पाहणारी पद्धत जास्त टिकाव धरते. मला हे उत्तर इस्तंबूलच्या १३६ गोलांपेक्षा मोलाचं वाटतं. गोल बातमीत येतात, हे येत नाही.

आयआयटी मुंबईत त्यांच्या कोर्ससाठी चक्क कॅरमचा प्रोग्राम तयार झाला. मे महिन्यात तेल्हाऱ्यात दुपारी बाहेर पाय टाकता येत नाही, तेव्हा घराघरात निघतो तोच कॅरम. विद्यार्थ्याच्या प्रोग्रामने फक्त तीन गोष्टी सांगायच्या: स्ट्रायकर कुठे ठेवायचा, कोणत्या कोनात मारायचा आणि किती जोर लावायचा. त्यात कम्प्युटर मुद्दाम थोडी चूक मिसळतो, कारण खऱ्या बोटाचा नेमही थोडा हलतोच. आपली पोरं राणी घेताना हाच हिशेब करतात, फक्त लिहून काढत नाहीत.

खेळाच्या पुढेही हे जातं. हर्षद खाडिलकर आणि एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी २०२१ मध्ये भारतीय रेल्वेच्या मार्गांवर असंच काम मांडलं. कोणती गाडी सोडायची, कोणती थांबवून ठेवायची, हे नियम असेच आजमावून सुधारायचे. इथे मार्क गोलांचे नसतात, गाड्या किती लेट झाल्या त्यावर मिळतात. अकोल्याच्या फलाटावर मालगाडीसाठी पॅसेंजर का अडली म्हणून कुरकुरणाऱ्यांना यातली गुंतागुंत कळेल.

दहावीनंतर पालक माझ्याकडे येतात, मुलींचे तर जास्तच, आणि म्हणतात, "सर, कम्प्युटर करू द्या, पण गणित नको." असं होत नाही. वरच्या सगळ्या कामात संभाव्यता आहे, भूमितीचे कोन आहेत, आणि ते अकरावी-बारावीच्या गणितातून येतात. कॅरमचा स्ट्रायकर भिंतीवर आपटून कोणत्या कोनात परततो, हा तर शाळेतलाच धडा. कल्याणकृष्णन यांच्या कोर्सच्या व्याख्यानांचे व्हिडिओ इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येतात. इंग्रजीत आहेत आणि कॉलेजच्या पातळीचे आहेत. बारावी गणित झालेल्या मुलाला पहिली दोन-तीन व्याख्यानं वही-पेन घेऊन, थांबत थांबत पाहता येतील.