एका लाइनीच्या लायनी

चर्चगेटहून सुटलेली लोकल पहिल्यांदा थांबते ती मरीन लाइन्सला. स्टेशन सुटलं की डाव्या हाताला समुद्र दिसतो. मरीन म्हणजे समुद्राचं, लाइन म्हणजे रेषा, आणि किनाऱ्याची रेषा तर समोरच आहे. त्यामुळे नावाचा उलगडा झाला असं समजून माणूस पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालतो. प्रत्यक्षात या नावाचा किनाऱ्याच्या रेषेशी काही संबंध नाही. इंग्रजांच्या काळात या भागात मरीन बटालियन नावाच्या फौजेच्या बराकी होत्या. त्या ‘मरीन बटालियन लाइन्स’. पुढे बटालियन गेली, बराकी गेल्या, मधला शब्दही गळाला आणि स्टेशनाच्या पाटीवर ‘लाइन्स’ तेवढ्या राहिल्या.

छावणीत शिपायांच्या झोपड्या सरळ ओळीत बांधत, म्हणून त्या लाइन्स. हिंदुस्थानातल्या साहेबाच्या इंग्रजीत हा अर्थ इतका रुळला की पलटणीच्या वस्तीला दुसरा शब्दच उरला नाही. पोलीस लाइन हा त्याचाच अवतार. आता तिथे चार मजली इमारती उभ्या असल्या तरी हवालदाराचं कुटुंब ‘पोलीस लाइनीतच’ राहतं. लष्कराच्या लाइन्स म्हटल्यावर मुलकी अधिकाऱ्यांच्या वस्तीलाही काहीतरी नाव हवं, म्हणून सिव्हिल लाइन्स झाल्या. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आज विधान भवन आहे, उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे, जुने बंगले आणि त्यांची ऐसपैस आवारं आहेत. नाही ती फक्त लाइन, कारण साहेबाचा बंगला दुसऱ्याच्या भिंतीला भिंत लावून कधी उभा राहिला नाही. कोल्हापूरच्या कसबा बावड्यात आणि धारवाडात लाइन बाजार आहेत. धारवाडी पेढ्यामुळे तिथला लाइन बाजार मराठी माणसालाही चांगला ठाऊक आहे.

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ असलेला शब्द कोणता, याची चर्चा अधूनमधून रंगते. पूर्वी हा मान ‘सेट’कडे होता. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 2011 च्या सुमारास ‘रन’ या क्रियापदाचे 645 अर्थ मोजले आणि सेट मागे पडला. लाइन या शर्यतीत पहिली येणार नाही. पण विक्रमी शब्दांपेक्षा तिची गोष्ट मला जास्त आवडते, कारण तिचं मूळ हातात धरता येतं.

ते मूळ म्हणजे जवस. लॅटिनमध्ये जवसाला लीनुम म्हणतात, आणि त्याच्या देठापासून निघणाऱ्या धाग्याची दोरी ती लीनेआ. आपण जवस पिकवतो ते बियांसाठी. विदर्भात त्याची चटणी होते, तेल निघतं. युरोपात मात्र त्याच्या तंतूंचं कापड विणत. ते लिनन. या कापडाचं अस्तर कोटाला आतून लावत, म्हणून शिंप्याचं लायनिंग. फ्रेंचांनी याच कापडावरून आतल्या कपड्यांना नाव दिलं ते लाँजरी. जवसाचं बी ते लिनसीड. त्याच्या तेलापासून एकोणिसाव्या शतकात फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाने फरशीवर अंथरायचा जाड थर बनवला, तो लिनोलियम. क्रिकेटच्या नव्या बॅटला अळशीचं तेल चोळतात तेही हेच. म्हणजे गोलंदाज लाइन धरून टाकतो आणि फलंदाज लाइनचंच तेल पाजलेल्या बॅटने तो चेंडू अडवतो.

दोरी ताणली की सरळ होते. गवंड्याला, सुताराला, जमीन मोजणाऱ्याला सरळ रेघ हवी असायची तेव्हा तो दोरी ताणत असे, आणि हळूहळू दोरीचं नाव त्या सरळपणाला चिकटलं. पुढचे सगळे अर्थ इथून फुटले. कागदावर आखली ती लाइन, तिच्यावर अक्षरं लिहिली तर तीही लाइन, कवितेची एक ओळ लाइन, नटाने म्हणायचं वाक्य लाइन. बापामागून मुलगा असा उतरत आलेला वंश लाइन, गळ टाकायची दोरी लाइन, विषुववृत्त ओलांडणं म्हणजे खलाशांच्या भाषेत लाइन ओलांडणं. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात ठरलेल्या मार्गाने बोटी नेणाऱ्या कंपन्या लाइन झाल्या आणि त्यांची जहाजं लायनर. बोटींनंतर विमानं आली, तेव्हा एअरलाइन हा शब्द तयारच होता.

हे सगळं इंग्रजीत. मराठीत यातलं किती आलं? शब्द परक्या भाषेत येतो तेव्हा त्याच्यासोबत त्याचा कोश येत नाही. ज्या माणसांच्या आणि ज्या वस्तूंच्या सोबतीने तो येतो, तेवढाच अर्थ घेऊन येतो. आपल्याकडे लाइन तीन वाटांनी आली: छावणीतून, रेल्वेतून आणि तारांमधून. कविता, वंश, गळ या वाटांनी ती आली नाही, कारण तिथे आपले शब्द आधीच ठाण मांडून बसले होते.

छावणीचं वर आलंच. रेल्वेची वाट सुरू झाली 16 एप्रिल 1853 रोजी, बोरीबंदर ते ठाणे अशी 34 किलोमीटरची. तिथून लाइन मुंबईकराच्या अंगात जी भिनली ती आज त्याची ओळख सांगते. सेंट्रल लाइनवाला, वेस्टर्न लाइनवाला, हार्बर लाइनवाला या जवळपास पोटजाती आहेत. स्थळ बघताना पत्रिका नंतर जुळते, आधी ‘मुलगी कोणत्या लाइनला?’ असं विचारणारी घरं आहेत, आणि डोंबिवलीच्या मुलीने बोरिवलीत संसार थाटायचा म्हटल्यावर दादरचा पूल डोळ्यांपुढे येऊन दोन्हीकडचे सुस्कारे टाकतात. 3 फेब्रुवारी 1925 रोजी देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला धावली ती हार्बर मार्गानेच. म्हणजे आज जिला सावत्र म्हणून हिणवतात, ती लाइन एके काळी सगळ्यांच्या पुढे होती.

तारांच्या वाटेवर एक गंमत झाली. टेलिग्राफ आला तेव्हा मराठीने इंग्रजी शब्द घेतला नाही. खांबावरची ती तार आणि तिच्यातून आलेला निरोप तोही तार. ‘तार आली’ म्हटलं की घरात रडारड सुरू व्हायची, आधी वाचलीच पाहिजे असं नव्हतं. टेलिफोन आला तेव्हा मात्र लाइन आली. लाइन लागत नाही, लाइन बिझी आहे, लाइन कट झाली, साहेब दुसऱ्या लाइनवर आहेत. वस्तू तीच, खांबावरून जाणारी धातूची तार, पण एका पिढीने तिला मराठी नाव दिलं आणि दुसरीने इंग्रजी. विजेच्या बाबतीत तर विदर्भात बऱ्याच ठिकाणी सरळ ‘लाइन गेली’ असं म्हणतात. पुण्या-मुंबईत तेव्हा लाइट जाते. ती परत आणणारा मात्र सगळीकडे लाइनमनच.

मराठीत आल्यावर लाइन बाईमाणूस झाली. इंग्रजीत तिला लिंग नाही. आपल्याकडे रांग, ओळ, रेघ, रेषा, तार, दोरी या साऱ्या स्त्रिया, तेव्हा त्यांच्या घरात आलेल्या या पाहुणीला पुल्लिंगी करण्याची कुणाची छाती नव्हती. मग मराठी व्याकरणाने तिचं रीतसर बारसं केलं: अनेकवचन लायनी, सामान्यरूप लाइनी. ‘लाइनीत या’, ‘दोन लायनी करा’ ही वाक्यं ऐकून लंडनच्या माणसाला त्यातलं काही कळणार नाही. शिवाय तो म्हणेल, तुम्ही क्यू का नाही म्हणत? रास्त प्रश्न आहे. दीडशे वर्षं राज्य केलं इंग्रजांनी, आणि इंग्रज उभे राहतात क्यूमध्ये. लाइनीत उभे राहतात ते अमेरिकन. आपण मात्र रेशनपासून दर्शनापर्यंत लाइनच लावली. माझा अंदाज असा की शाळेच्या मैदानावरची कवायत आणि पोलिसाचा दंडुका यांनी ती आपल्याला आधीच शिकवून ठेवली होती. मराठीतली रांग जुनी आणि चांगली आहे, पण ती आता मंदिर समितीच्या फलकावर आणि वर्तमानपत्रात जास्त दिसते. रांगेतली माणसं ‘लाइन कुठपर्यंत आहे?’ असंच विचारतात.

लिहिताना हा शब्द घाम फोडतो. ‘लाइन’साठी मराठी शब्द सांगा म्हटलं तर शहाणा माणूस उलट विचारेल, कुठली? वहीत पट्टीने मारतात ती रेघ. भूमितीत आणि तळहातावर रेषा. कवितेत ओळ, माणसांची रांग. क्रिकेटच्या मराठी समालोचनाने ‘लाइन अँड लेंग्थ’चं ‘दिशा आणि टप्पा’ केलं, त्याला मला कायम दाद द्यावीशी वाटते. तिथे रेषा शब्द वापरला असता तर चेंडू खडूने आखल्यासारखा वाटला असता. पण 1932-33 च्या मोसमात इंग्लंडने ऑस्ट्रेलियात डॉन ब्रॅडमनला रोखण्यासाठी थेट अंगावर मारा केला, त्या बॉडीलाइनला मराठी नाव मिळालं नाही. गोलंदाज हॅरॉल्ड लारवुडला तो मारा करायला लावणारा कर्णधार डग्लस जार्डिन जन्माने मुंबईकर. 1933 च्या डिसेंबरात भारतभूमीवरचा पहिला कसोटी सामना बॉम्बे जिमखान्यावर झाला तेव्हा इंग्लंडचा कर्णधार म्हणून तो जन्मगावी परतला होता.

राजकारणात आणि अर्थकारणात आपण रेषा निवडली, आणि तिथे तिची थंड, कागदी जात शोभते. नकाशावर रेषा ओढणारे लोक सहसा ती ज्यांच्या अंगणातून जाते त्यांना ओळखत नाहीत. ड्युरँड रेषा 1893 ची, मॅकमोहन रेषा 1914 ची. फाळणीची रेषा आखणारे सिरिल रॅडक्लिफ 1947 च्या जुलैत भारतात आले ते पहिल्यांदाच. त्यांची रेषा 17 ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस झाल्यावर जाहीर झाली. दारिद्र्यरेषेच्या गणिताशी पुण्याचं नातं आहे. गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी रोज 2250 कॅलरी मिळायला किती खर्च येतो यावरून देशातल्या गरिबीचा अंदाज बांधला. पण पिवळं कार्ड ज्याच्या हातात आहे तो स्वतःला दारिद्र्यरेषेखालचा म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आम्ही बीपीएल’. त्या तीन अक्षरांतलं शेवटचं अक्षर लाइनचं आहे, हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही.

काही लायनी रक्ताच्या निघतात. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 मध्ये, जॉर्जिया राज्यात अँडरसनविल इथे दक्षिणेच्या फौजेचा एक युद्धकैद्यांचा तळ होता. भोवतीच्या लाकडी कोटापासून काही फूट आत खुंट्यांवर एक हलकी दांडी ठोकलेली असे. तिच्यापलीकडे पाऊल टाकणाऱ्या कैद्याला पहारेकऱ्याने गोळी घालायची, असा हुकूम होता. तिचं नाव डेडलाइन. तिथे आलेल्या सुमारे 45 हजार कैद्यांपैकी जवळपास 13 हजार उपासमारीने, रोगराईने आणि हालांनी मेले. तळाचा प्रमुख हेन्री वर्झ याला युद्धानंतर, 1865 च्या नोव्हेंबरात, फाशी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात हा शब्द अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत वेळेची मर्यादा म्हणून वावरू लागला. पुरवणीचा मजकूर उशिरा देणाऱ्या लेखकाला संपादक फार तर फोन करतात, हे त्या मानाने सौम्यच म्हणायचं.

मराठीने स्वतःच्या जोरावर काढलेले अर्थ मात्र कुठल्याही इंग्रजी कोशात शोधून सापडायचे नाहीत. ‘पोरगं लाइनला लागलं’ म्हणजे ते कुठल्या रांगेत उभं नाही. त्याला नोकरी लागली, घरच्यांची काळजी मिटली. ‘फिल्म लाइनीत आहे’ हा अपवाद, तिथे इंग्रजीतला धंद्याचा जुना अर्थच आपण घेतला. लाइन मारणं आणि लाइन देणं यांचं इंग्रजी करायला जाऊ नये. कट्ट्यावरचा कुठलाही पोरगा या दोन क्रियापदांतला फरक व्याकरणाच्या शिक्षकापेक्षा चोख सांगेल. आणि त्याच्या आजीच्या पिढीत याच कामाला काय म्हणत? ‘त्यांचं सूत जुळलंय.’ जवसाचा धागा युरोपातून फिरत प्रेमापर्यंत आला, तिथे आमचं कापसाचं सूत आधीच पोचलेलं होतं. सुताने सरळ रेघ मारायची ती सुताराने, सुताने इंचाचे भाग मोजायचे, सरळ माणूस सुतासारखा सरळ. दोन्ही धाग्यांचा प्रवास एकमेकांना न विचारता इतका सारखा व्हावा, याचं मला खरोखर नवल वाटतं. बांधकामावर तर दोघांची भेटच झाली आहे. गवंडी भिंत सरळ घेण्यासाठी जी दोरी ताणतो तिला म्हणतात लाइनदोरी. म्हणजे दोरीदोरी.

सध्या चलती आहे ती ऑनलाइनची. यंत्र तारेने दुसऱ्या यंत्राला जोडलेलं असणं एवढाच तिचा मूळ अर्थ. आता तारही नाही. भाजीवाला ‘कॅश की ऑनलाइन?’ विचारतो तेव्हा त्याच्या गाडीवर कसलीच लाइन नसते, एक क्यूआर कोड असतो, तोही पावसाने अर्धा उडालेला. सरकारी कारभारात ऑनलाइन हे विशेषण न राहता नामच झालं आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, सगळं ऑनलाइन. आणि ते करायला तालुक्याच्या सेतू केंद्राबाहेर सकाळपासून लाइन. बाराच्या सुमारास आतून कुणीतरी डोकं बाहेर काढून सांगतं, ‘ऑनलाइन बंद पडलंय, उद्या या.’ मागचे लोक पुढच्यांना विचारतात काय झालं, पुढचे हात हलवतात, आणि कुणीतरी आपली चप्पल नंबरात ठेवून चहाला जातो.