न बोलावता येणाऱ्या आठवणींची मोजदाद

स्मरणशक्तीवर प्रयोग करणं एरवी सोपं असतं. वीस शब्द वाचून दाखवायचे, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि किती आठवतात ते विचारायचं. कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला मी वर्षानुवर्षं हेच करून घेतलं. पण अपघातातून वाचलेल्या बाईला भाजी चिरता चिरता अचानक समोर तोच ट्रक दिसतो, ती आठवण अशी मागून मिळत नाही. ‘आता आठवा बरं’ म्हटलं की ती आपणहून आलेली राहतच नाही. मग संशोधकांनी तिला गाठायचं कुठे?

त्यांनी काढलेली वाट ऐकायला जरा क्रूर वाटते. राजीखुशीने आलेल्या धडधाकट माणसांना अंगावर काटा आणणारी दृश्यं दाखवायची आणि नंतर त्यांच्या डोक्यात काय घोळत राहतं ते पाहायचं. अमेरिकेत रिचर्ड लॅझारस यांनी १९६०च्या दशकात ताणाच्या अभ्यासासाठी असे चित्रपट वापरले. पुढे मार्डी होरोविट्झ या मनोविकारतज्ज्ञांनी थेट या घुसखोर आठवणींवरच बोट ठेवलं. ऑक्सफर्डच्या एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला, त्यातली चित्रफीत बारा मिनिटांची होती. शस्त्रक्रिया, जीवघेणे रस्ते-अपघात, बुडणारी माणसं, असं सगळं त्यात होतं. काय बघायचंय याची कल्पना अशा प्रयोगांत आधी दिलेली असते, मधूनच उठून जायची मुभा असते. तरी वर्गात कुणीतरी विचारायचंच, ‘मॅडम, याला परवानगी मिळते?’ मिळते, आणि मिळावी असंच माझं मत आहे. कॅज्युअल्टीत रक्तबंबाळ होऊन आलेल्या माणसावर एखादा उपाय पहिल्यांदा करून बघण्यापेक्षा हे परवडलं.

मला स्वतःला त्या चित्रफितीपेक्षा प्रयोगातली वही जास्त आवडते. सहभागी माणूस ती घरी नेतो आणि आठवडाभर जवळ बाळगतो. चित्रफितीतलं काही आपोआप मनात आलं की खूण करायची. सकाळी आलं की रात्री, चित्र दिसलं की नुसता विचार आला, आणि कशाचा, तेही टिपायचं. मुद्दाम आठवलेलं मोजायचं नाही. यंत्र नाही, तारा नाहीत, मेंदूचं स्कॅन नाही; या शास्त्राचा बराचसा डोलारा पेनाने केलेल्या खुणांवर उभा आहे. माझ्या विद्यार्थ्यांना हे फार किरकोळ वाटायचं. पण जी गोष्ट फक्त त्या माणसालाच दिसते, तिची नोंद दुसरं कोण ठेवणार?

अशा नोंदींतून आणि रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून एक चित्र स्पष्ट झालंय. अख्खी घटना सहसा येत नाही. येतो एखादा क्षण, बहुधा डोळ्यांसमोर दिसणारा, आणि पुन्हा पुन्हा तोच.

माझा मामेभाऊ मुंबईत लोकलवर मोटरमन होता. गाडीखाली माणूस येणं त्याच्या नोकरीत एकाहून जास्त वेळा घडलं. ब्रेक लावून गाडी जागच्या जागी उभी राहत नाही, हे लोकांना सांगून पटत नाही. पण त्याला दिसते ती धडक नाही, नंतरचं काही नाही. दिसते ती प्लॅस्टिकची एक पिशवी. रूळ ओलांडणाऱ्या एका माणसाच्या हातात ती होती आणि हॉर्न ऐकल्यावर त्याने ती घट्ट छातीशी धरली. ‘अगं, पिशवी कशाला वाचवायची?’ असं दादा मला एकदा म्हणाला, आणि लगेच वहिनीला हाक मारून चहा ठेवायला सांगितला.

पिशवीच का, याचं एक उत्तर आंके एलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दिलं. वारंवार दिसणारं दृश्य पुष्कळदा सगळ्यात भयंकर क्षणाचं नसतं, ते त्याच्या जरासं आधीचं असतं. अपघातात सापडलेल्याला समोरून येणारे हेडलाइट दिसत राहतात. मेंदूने जपून ठेवलेली ही धोक्याची सूचना असते: हे दिसलं की पाठोपाठ संकट. पुढे बाजारात कुणी तशी पिशवी कवटाळलेला दिसला, तरी काळजात धस्स होतं.

अशा माणसाला आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘विसरून जा.’ औषध घेताना माकड आठवायचं नाही, ही वैद्यबुवांची अट ज्याने ऐकलीय त्याला यातली गोम कळेल. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली अमेरिकेत माकडाऐवजी पांढरं अस्वल घेतलं. पाच मिनिटं त्याचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. आणि ज्यांनी आधी विचार दाबला होता, त्यांना नंतर मोकळीक दिल्यावर तो सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त आला. मी वर्गात घंटीऐवजी बाकावर पेन्सिल आपटायला सांगत असे. आधी शांतता, मग मागून एक टकटक, मग कुणीतरी खुदकन हसतं आणि सगळा वर्ग वाजायला लागतो.

दुसरा सल्ला, ‘बोलून मोकळा हो.’ एके काळी अपघातानंतर लगेच एकाच बैठकीत माणसाला सगळं तपशीलवार बोलतं करायची पद्धत परदेशात बरीच पसरली होती. ऑक्सफर्डमध्येच मेयू, एलर्स आणि हॉब्स यांनी रस्ते-अपघातातल्या रुग्णांची तीन वर्षांनी पुन्हा चौकशी केली. ज्यांना सुरुवातीलाच या आठवणींचा फार त्रास होता, त्यांच्यापैकी बैठक झालेल्यांची अवस्था बैठक न झालेल्यांपेक्षा वाईट निघाली. २००० सालचा हा निष्कर्ष आहे. आपल्या माणसाला आपणहून सांगावंसं वाटलं तर ऐकून घ्यावंच. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाने खोदून खोदून विचारायचं मात्र थांबवावं.

होम्स यांनी वेगळाच विचार केला. आठवण चित्ररूप असेल, तर मनात चित्रं हाताळणारी यंत्रणा त्याच वेळी दुसऱ्या कामाला जुंपायची. त्यासाठी त्यांनी निवडला टेट्रिस. मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ साली तयार केलेला हा खेळ आपल्याकडे हातात मावणाऱ्या ‘ब्रिक गेम’मुळे घरोघरी पोचला. वरून पडणारा ठोकळा कुठल्या फटीत बसेल, हे मनातल्या मनात फिरवून बघावं लागतं. चित्रफितीनंतर अर्ध्या तासाने ज्यांनी दहा मिनिटं टेट्रिस खेळला, त्यांच्या वहीत आठवड्याअखेर खुणा कमी होत्या. आणि तरीही चित्रफितीत काय काय होतं, याच्या परीक्षेत ते मागे पडले नाहीत. आठवण जागेवर होती, तिचं अवचित येणं कमी झालं होतं. ‘आठवणी पुसणारा खेळ’ असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे. २०१०च्या प्रयोगात याच टेट्रिसशेजारी शब्दांची प्रश्नमंजुषा ठेवली, तर तिच्यामुळे खुणा वाढल्या. तेव्हा नुसतं ‘मन रमवा’ म्हणून भागत नाही.

दिवस उलटून गेला असेल तर? २०१५च्या प्रयोगात चोवीस तासांनी आधी चित्रफितीतली स्थिरचित्रं दाखवून आठवण जागी केली, मग खेळ दिला, आणि परिणाम दिसला. नुसता खेळ किंवा नुसती चित्रं यांनी काही साधलं नाही. जागी झालेली आठवण काही काळ ओली असते आणि पुन्हा पक्की व्हावी लागते, ही कल्पना त्यामागे आहे. करीम नादर आणि सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवरच्या प्रयोगातून तिला बळ दिलं.

मग हे सगळं प्रयोगशाळेतून ऑक्सफर्डच्या जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात आलं. वाहन-अपघातातून आलेल्या ७१ जणांपैकी काहींना सहा तासांच्या आत, घटना थोडक्यात आठवायला सांगून, टेट्रिस दिला. पहिल्या आठवड्यात त्यांच्या घुसखोर आठवणी बाकीच्यांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी भरल्या. हा निकाल २०१७चा. मी यावर खूश आहे, पण हुरळलेली नाही. तो हिशेब एका आठवड्याचा आहे. आणि त्याआधीच्या प्रयोगांबद्दल म्हणाल, तर चित्रफीत बघणाऱ्याला दिवे लागणार हे ठाऊक असतं. दादाला ठाऊक नव्हतं.

म्हणून हे वाचून कुणी घरच्या घरी कुणाचा अपघात उकरून काढून हातात मोबाइल देऊ नये. महिना उलटूनही झोप लागत नसेल, तीच दृश्यं येत असतील, तर आघातावरची खास मानसोपचार पद्धत उपलब्ध आहे आणि ती तज्ज्ञांकडूनच घ्यावी. कुठे जायचं हे कळत नसेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करता येतो. मराठीत बोलता येतं.

आपल्या कॅज्युअल्टीत असा अभ्यास करायचा झाला, तर ती वही जशीच्या तशी चालणार नाही. खाटेवर हात प्लॅस्टरमध्ये असलेला माणूस किंवा लिहिता न येणारी आजी खुणा कशा करणार? मी असते तर खडे दिले असते. ट्रक दिसला की एक खडा या डब्यातून त्या डब्यात, आणि सकाळ-संध्याकाळ वेगळी मोजायची तर डबे वेगळे.