चोर्टो म्हणजे रक्त

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या टोपी बाजारात चंदेरी साडी घ्यायला गेलं की आईच्या तोंडी दोन भाषा असायच्या. दुकानदाराशी हिंदी, आमच्याशी मराठी. "भैया, रंग कुछ फीका है," हे त्याला. "काठ सुरेख आहेत, पण चेहऱ्यावर दाखवू नका," हे आम्हाला. दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेला पडली, तिचंच पुढे लष्कर शहर झालं; तेव्हापासून इथल्या मराठी बायका अशाच घासाघीस करत आल्या असणार. पुण्याची आत्या आमच्या मराठीला हसायची. "चहा पिऊन राहिलेय" हे कुठलं मराठी, म्हणायची. असेल कुठलंही, बाजारात ती आमची तिजोरी होती.

हे सगळं आठवलं ते ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा १९०६ साली छापलेला चौथा खंड हाती आला तेव्हा. शहरातल्या एका ग्रंथालयात तो धूळ खात होता. मागे चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नव्हता, आणि "हे कुणी नेत नाही, तुम्हाला कशाला?" असं विचारून मग तो मला मिळाला. मी शोधत होते सहरियांना. ग्वाल्हेर, शिवपुरी, श्योपूर या पट्ट्यातले हे आदिवासी आमच्या अगदी दाराशी राहणारे. कुनोच्या जंगलातून त्यांची २४ गावं हलवली ती गीरच्या सिंहांसाठी. सिंह आलेच नाहीत, २०२२ साली चित्ते आले. सहरिया आज आसपासच्या हिंदी बोलीच बोलतात. त्यांची वेगळी भाषा नोंदवायला कुणी बसलं असतं, तर फार आधी बसायला हवं होतं. खंडात मला हवं ते नव्हतं. मुंडा कुळातल्या कोरकू भाषेच्या प्रकरणाला शेपटासारखी जोडलेली दुसरीच एक भाषा मात्र सापडली: नाहाली, म्हणजेच निहाली.

मेळघाटामुळे कोरकू आपल्याला ऐकून माहीत आहेत. निहाल त्यांच्या सावलीत राहत आले, बहुतेक वेळा त्यांच्याच शेतावर राबत. बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशी त्यांची गावं. पलीकडे मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरजवळ टेंबी. भाषा बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. १९७१नंतरच्या जनगणनेत दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषांची नावं स्वतंत्र छापली जात नाहीत, त्यामुळे तिथे निहाली शोधणं व्यर्थ. अनुसूचित जमातींच्या यादीतही निहाल वेगळे नाहीत. कोरकूंच्याच नोंदीत बोपची, मवासी, निहाल, नाहुल अशी एकापुढे एक नावं लावून टाकली आहेत.

यातल्या 'मवासी' शब्दापाशी मी अडखळले. मवास हा आपल्या जुन्या कागदांतला शब्द: सरकारला न जुमानणाऱ्या डोंगरी लोकांचा, बंडखोरांचा आसरा. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जे मोठं काम छापलं, त्यात नाहालांवर टिपण आहे. जुन्या दस्तांत नाहाल, भिल्ल, कोळी ही नावं एका दमात येतात आणि त्यांचा अर्थ डोंगरातले लुटारू असा घ्यायचा असतो, असं त्यातून कळतं. हे दस्त लिहिणारे कोण? बऱ्हाणपूर १८६०च्या अदलाबदलीपर्यंत शिंद्यांचं होतं; त्याच्या डोक्यावरचा असिरगड इंग्रजांनी १८१९ साली शिंद्यांच्या किल्लेदाराकडून घेतला. म्हणजे टेंबीचे निहाल कित्येक वर्षं आमच्याच दरबारची रयत होते, आणि दरबारच्या लेखी त्यांची ओळख दरवडेखोर एवढीच. पंजाब मेल आजही ग्वाल्हेरवरून जाते आणि बऱ्हाणपूरला थांबते. त्या गाडीने मी कितीदा गेले, तिथला चहाही प्याले. खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरांत कोण राहतं ते चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं.

सर्वेक्षणाचं काम कसं चाले ते पाहण्यासारखं आहे. ग्रियर्सनसाहेबांनी एक ठरीव यादी केली होती, २४१ शब्दांची आणि वाक्यांची. सोबत बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट. ही सामग्री जिल्ह्याजिल्ह्यांत जायची, स्थानिक अंमलदार कुणाला तरी बोलावून तिचं भाषांतर करून घ्यायचे, कागद वर पाठवायचे. यादीतली वाक्यं वाचून मला हसू आवरेना. इथून काश्मीर किती लांब आहे? पांढऱ्या घोड्याचं खोगीर घरात आहे. त्याच्या मुलाला मी पुष्कळ फटके मारले. निमाडच्या जंगलात मध आणि लाकूड गोळा करणाऱ्या माणसाला समोर बसवून काश्मीरचं अंतर आणि पांढऱ्या घोड्याचं खोगीर विचारायचं! फटक्यांचं वाक्य मात्र त्याला बिनअडचणीचं गेलं असेल. फटके मारणारा कोण, ते त्याच्यासमोरच खुर्चीत बसलेलं होतं.

हा कागद वाचून निर्णय देणारे स्टेन कोनो नॉर्वेचे. सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंडही त्यांच्याच हातचा, तेव्हा विद्वत्तेबद्दल शंका नाही. त्यांनी ठरवलं की नाहाली मुळात कोरकूसारखी मुंडा बोली; तिच्यावर आधी द्रविड भाषांचं पाणी फिरलं, आता आर्य भाषांचं फिरतंय. भाषा म्हणून ती जवळजवळ निकालात. १९४० साली रॉबर्ट शेफरने पुन्हा तोच कागद उलगडून त्यात कुठल्याच कुळात न बसणारे शब्द आहेत हे दाखवलं. सुधिभूषण भट्टाचार्य बऱ्हाणपूरकडच्या निहालांत जाऊन बसले आणि १९५७ साली त्यांची टिपणं छापून आली, तेव्हा नवी सामग्री मिळाली. कागद मागवणं आणि बोलणाऱ्याजवळ जाऊन बसणं यांत पन्नास वर्षं गेली.

मग लायडनचे कायपर आले आणि खरा वाद सुरू झाला. १९६२च्या पुस्तकात त्यांनी एकेक शब्द चाळणीतून काढला. पुष्कळसे कोरकूचे, काही द्रविड, काही मराठी-हिंदीचे. आणि सुमारे चौथा हिस्सा कुणाचाच नाही. आग म्हणजे आप्पो, पाणी जोप्पो, अंडं कल्लेन, डोळा जिकि, दगड चागो, रक्त चोर्टो. आसपासच्या कुठल्याही भाषेत यांचा सोयरा नाही. भारतात कोरकू किंवा मराठी यायच्या आधीच्या कुण्या लोकांचा हा उरलेला ठेवा असेल का? कायपर तिथवर गेले. पण त्यांनी दुसरीही शक्यता मांडली: ही कदाचित चोरांची सांकेतिक बोली असेल, परक्यांना कळू नये म्हणून घडवलेली. निहाल लुटारू होते, कोरकूंना कळू नये म्हणून ते आपसांत ही भाषा वापरत, म्हणून ती घडवलेली असू शकते. विद्वानाने जपून मांडलेली शंका होती, पण लोक तीच उचलतात. चोर्टो हा शब्द मराठी कानाला तर चोरटाच ऐकू येतो. आहे रक्त.

मी भाषाशास्त्रज्ञ नाही. पण सांकेतिक भाषा म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे दलालांची नंदभाषा होती. तिच्यात एक म्हणजे केवली, दोन अवारू, तीन उधानू, चार पोकू, पाच मुळू. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना भाव ठरायचा तो या आकड्यांत. वाक्यरचना मराठीच, बदलले ते मुख्यतः आकडे, कारण लपवायचा होता तो पैसा. आता निहालीचे आकडे पाहा. एक म्हणजे बिडुम, हा त्यांचा स्वतःचा. पुढे इरार, मोथो, नालो. कुणा कन्नड माणसाला विचारा: एरडु, मूरु, नाल्कु. आणि पाच म्हणजे पांचो; तो तर सरळ आपलाच. शेजारच्या कोरकूंचे आकडे निराळेच आहेत, मिया, बारी, आपाय या वळणाचे. म्हणजे लूट वाटून घेणाऱ्या टोळीने गुप्त भाषा घडवली, रक्त, अंडं, दगड यांना अगम्य नावं शोधली, आणि वाटणीचे आकडे तेवढे परक्यांकडून उसने घेतले? असला कच्चा चोर मला पटत नाही. उसने आकडे बाजारातून येतात, आणि रक्त, आग, पाणी ही घरात जपली जातात. पुष्कळ भाषांत असंच होतं.

गुप्ततेचंही तेच. टोपी बाजारातली आमची मराठी ऐकून एखादा कायपर म्हणाला असता की ही लष्करातल्या बायकांनी दुकानदारांना फसवायला घडवलेली बोली आहे, तर? दुसऱ्याच्या बाजारात प्रत्येक लहान भाषा गुप्त भाषाच होते.

या साऱ्या शोधात मला सगळ्यांत भावल्या त्या आशा मुंडले. 'मदर टंग' नावाच्या नियतकालिकाच्या १९९६च्या अंकात त्यांचा निहाली शब्दसंग्रह आला, वीसेक पानांचा. त्याच अंकात त्यांचा एक छोटा लेख आहे, त्याचं शीर्षकच प्रश्नार्थक: निहाल कोण आहेत? ते काय बोलतात? हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधीच्या बहुतेकांनी दुसरा प्रश्न विचारला आणि पहिला गृहीत धरला. त्याच अंकात जॉन बेंगट्सन निहालीचं नातं जपानच्या आयनूंशी जुळवू पाहतात. एका टोकाला होक्काइदो गाठणारी झेप, दुसऱ्या टोकाला एका मराठी बाईची साधी शब्दयादी. झेपेचं पुढे काय व्हायचं ते होवो, यादीशिवाय तीही घेता आली नसती. मराठीत मुंडल्यांबद्दल किती लिहिलं गेलं? दिवाळी अंकांतून युरोपातल्या प्राच्यविद्यापंडितांवर पानंच्या पानं आली आहेत. मीही लिहिली आहेत.

पुढची धुरा पुण्याच्या डेक्कन कॉलेजने वाहिली. के. एस. नागराज यांचं व्याकरण, संहिता आणि शब्दसंग्रह असं निहालीवरचं पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने २०१४ साली काढलं. शैलेंद्र मोहन, जे पुढे त्याच संस्थानाचे संचालक झाले, त्यांनी ध्वनी आणि चित्र या दोन्ही रूपांत निहालीची नोंद केली. हे काम ग्रियर्सनच्या पद्धतीपेक्षा कसं वेगळं, ते एका गोष्टीत दिसतं. माणूस बोलतो, ते रेकॉर्ड होतं, आणि मग तोच माणूस किंवा त्याच्या गावातला दुसरा कुणी संशोधकाजवळ बसून वाक्य न् वाक्य पुन्हा ऐकतो: इथे मी काय म्हणालो, हा शब्द कुठे तुटतो, हे कोरकूत कसं म्हणतील. तासाभराच्या बोलण्याला दिवसच्या दिवस लागतात. आणि प्रश्न कुठल्या भाषेत विचारायचा, हेही जपावं लागतं. कोरकूत विचारलं तर उत्तर कोरकूकडे झुकतं, मराठीत विचारलं तर मराठीकडे. निहाल या सगळ्या भाषा सहज बोलतो, आणि पाहुण्याच्या सोयीचं बोलणं ही त्याची वर्षानुवर्षांची सवय आहे. म्हणून यादी बाजूला ठेवून गोष्ट सांगायला लावतात, झाडाचा पाला दाखवून औषध विचारतात, दोघा निहालांना आपसांत बोलू देतात आणि संशोधक गप्प बसतो. पांढऱ्या घोड्याचं खोगीर कुणी विचारत नाही.

पण एक पेच यातही उरतो. कोरकूंना कळू नये म्हणून बोलायची भाषा छापली, ऐकवली, सगळ्या जगासाठी ठेवली, तर तिजोरीची किल्ली चौकात टांगल्यासारखं नाही का? आजच्या भाषासंग्रहांत यासाठी सोय असते. बोलणाऱ्याने सांगितलं तर एखादी नोंद सर्वांना उघडी, एखादी फक्त त्या समाजाला, एखादी बंदच. १९०६च्या निहालाला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याचं नावही खंडात छापलेलं नाही. कोनोंचं आहे.

टोपी बाजारातलं एक सांगायचं राहिलं. मी नववीत असताना एका संध्याकाळी आई आम्हाला म्हणाली, "हा तीनशे जास्त सांगतोय, उठा." आम्ही उठलो. दुकानदाराने साडीची घडी घालत, मान वरही न करता, शुद्ध मराठीत म्हटलं, "बसा हो ताई, दोनशे कमी करतो." पंचवीस वर्षांचं गिऱ्हाईक, तो पहिल्या दिवसापासून सगळं समजत होता. आई लाल झाली, पण बसली. पुढच्या दिवाळीला त्याच दुकानात, त्याच गादीवर बसून, जरीचा पदर हातात घेऊन ती आमच्याकडे वळली आणि आम्ही शाळेच्या गच्चीवर बोलायचो त्या च-च्या भाषेत म्हणाली, "चकोन, चहागम चहेआ."

साडी मात्र घेतली.